मांडीवरची जांभळी जाळी ऊब दिल्यावर जाते का?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३१, शाळेत शिक्षिका. दोन वर्षांपासून थंडीत मांड्या-पोटऱ्यांवर जांभळट जाळी उमटते. खाज नाही, दुखत नाही. यंदा उन्हाळ्यातही ती पूर्ण गेली नाही, आणि आता दंडांवर व पाठीवरही दिसायला लागलीय. एका डॉक्टरांनी ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी बुरशीचं मलम. सासूबाई म्हणतात रक्त अशुद्ध झालंय. हे कोड तर नाही ना? आणि अगदी शेवटी, चालू औषधांच्या ओळीत: ‘दोनदा मिसकॅरेज झाल्यामुळे फोलिक ॲसिड चालू आहे, बाकी काही नाही.’

ताई, आधी कोडाचं बोलू, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. कोडात रंग जातो, खडूसारखा पांढरा डाग पडतो. तुमचा रंग गडद झालाय, तोही रेघारेघांनी. कोड नाही. शिबं नाही, कारण शिब्याला नखानं खरवडलं की भुसा निघतो. नायटा नाही, कारण नायट्याला कड असते आणि तो खाजवल्याशिवाय राहू देत नाही. ‘अशुद्ध रक्त’ नावाचा आजार मला सव्वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये एकदाही भेटलेला नाही, पण सासूबाईंशी त्यावरून वाद घालू नका. गंमत अशी की तुम्ही दाखवलेल्या दोन्ही डॉक्टरांपेक्षा त्यांचं बोट बरोबर जागी आहे. बिघाड कातडीचा नाही, कातडीखालच्या रक्ताच्या वाहण्याचा आहे.

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही औषधांच्या ओळीत टाकलंय. मी ते दोनदा वाचलं. तिकडे येतेच, पण त्याआधी जाळी म्हणजे काय ते समजून घ्या, नाहीतर मी सांगेन त्या तपासण्या उगाच वाटतील.

या जाळीला आम्ही लिव्हिडो म्हणतो. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ काळंनिळं. हा शब्द कातडीच्या या रंगासाठी व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८६८ मध्ये वापरला. जाळीच का, गोल डाग का नाही, याचं उत्तर रक्तवाहिन्यांच्या मांडणीत आहे. कातडीच्या खोल थरातून एक बारीक रोहिणी (हृदयाकडून ताजं रक्त आणणारी वाहिनी) उभी वर येते आणि वर येताना छत्रीसारखी पसरते. तिच्या वाटणीला कातडीचा साधारण एक ते तीन सेंटिमीटरचा तुकडा. शेजारी दुसरी छत्री, तिच्या शेजारी तिसरी. ज्यांनी पाटाचं पाणी बघितलंय त्यांना पुढचं लगेच कळेल. चारीच्या तोंडाशी ज्याचं वावर, त्याला पाणी भरपूर. टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला उरलंसुरलं. दोन छत्र्यांच्या कडा जिथे भेटतात तिथे दोघींचंही टेल असतं. तिथे ताजं रक्त कमी पोचतं, नीलांचं (रक्त परत नेणाऱ्या शिरांचं) जाळं मात्र दाट असतं. वरून पाणी तुटलं की पहिला फटका टेलला. रक्त रेंगाळतं, त्यातला प्राणवायू संपतो, रंग काळपट जांभळा होतो, नीला फुगून उठून दिसतात. मधला भाग फिका, कडा जांभळ्या. अशा शेजारशेजारच्या छत्र्या म्हणजे तुमच्या मांडीवरची जाळी.

पाणी का तुटलं, हा खरा प्रश्न. थंडीनं रोहिणी आखडली असेल. रक्त दाट झालं असेल. भिंतीला सूज असेल. किंवा आत बारीक गुठळी बसली असेल. वरून चारही वेळा जाळीच दिसते, म्हणून नुसत्या रंगाकडे बघून निदान करणाऱ्यावर (त्यात मीही आले) विश्वास ठेवू नये. दोन गोष्टी बघायच्या: ऊब दिल्यावर जाळी जाते का, आणि जाळीची घरं पूर्ण आहेत की तुटलेली.

हे तुम्ही घरी बघू शकता. सकाळी, अंघोळीआधी, खिडकीजवळ उजेडात बसा. ट्यूबलाइट नको, मोबाइलचा फ्लॅश तर मुळीच नको. फ्लॅशनं जांभळा रंग धुऊन निघतो आणि फोटोत कातडी चकचकीत, निरोगी दिसते. पाय खाली सोडून दहा मिनिटं बसा आणि फोटो काढा. मग आडवं व्हा, पाय उशीवर घ्या, जाड चादर किंवा गोधडी ओढा, वीसेक मिनिटांनी पुन्हा त्याच जागी, त्याच अंतरावरून फोटो. गोधडीच बरं का, गरम पाण्याची पिशवी नाही. कारण पुढे येईल. मग एक स्वच्छ काचेचा पेला घ्या आणि त्याचा तळ जांभळ्या रेघेवर हलका दाबून आतून बघा. रंग नाहीसा झाला आणि पेला उचलल्यावर भरून आला, तर रक्त वाहिनीच्या आत आहे. दाबूनही राहिला, तर रक्त वाहिनीबाहेर झिरपलंय किंवा तिथे डागच पडलाय. दोन्हींचे रस्ते वेगळे.

आपल्या सावळ्या रंगाबद्दल एक सांगते, कारण इंटरनेटवर शोधाल तर बहुतेक फोटो गोऱ्या कातडीचे मिळतील. तिथे जाळी गुलाबी-निळी, नकाशावरच्या नद्यांसारखी स्वच्छ दिसते. आपल्याकडे ती काळपट तपकिरी, कधी नुसती मळकट दिसते. मळ समजून वज्रीनं घासून घासून पोटऱ्या सोलून घेतलेली कॉलेजची मुलगी माझ्याकडे आली होती. तिच्या आईनंच घासायला सांगितलं होतं.

आता जाळीचा आकार. थंडीचा परिणाम सगळ्या छत्र्यांवर सारखा होतो, म्हणून घरं पूर्ण बंद, एकसारखी, दोन्ही पायांवर जवळजवळ सारखीच. ऊब दिली की जाते. तान्ह्या बाळाला अंघोळीनंतर उघडं ठेवलं की त्याच्या मांड्यांवर हेच उमटतं आणि दुपट्यात गुंडाळलं की पाच मिनिटांत नाहीसं होतं. त्याला संगमरवरी कातडी म्हणतात आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बारीक अंगाच्या तरुण मुलींमध्येही हे पुष्कळ दिसतं. महाबळेश्वरला सहलीला गेल्यावर पहिल्यांदा लक्षात येतं, किंवा पुण्याची मुलगी शिकायला कॅनडात गेली की नोव्हेंबरात घाबरून आईला फोटो पाठवते. त्याला औषध लागत नाही. लेगिंग घालायची.

पण काही मोजक्याच वाहिन्यांत अडथळा असेल, तर काही छत्र्या बिघडतात, शेजारच्या ठीक असतात. मग जाळी तुटक होते. रेघ निघते, वळते आणि मध्येच संपते. घरं बंद होत नाहीत. विजेच्या लोळासारखे किंवा तुटलेल्या बांगडीच्या तुकड्यांसारखे आकार. ही पायांपुरती थांबत नाही. कुल्ले, पाठ, दंड इकडेही जाते. ऊब दिल्यावर फिकी होते पण जात नाही. हिला लिव्हिडो रेसिमोजा म्हणतात, आणि १९०७ पासून, म्हणजे एर्मान या त्वचारोगतज्ज्ञांनी हा फरक मांडला तेव्हापासून, हिच्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला शिकवलं जातं. शिकवलं जातं, पण ओपीडीच्या घाईत विसरलं जातं.

मीही विसरले होते. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. सत्तावीस वर्षांची मुलगी, डिसेंबर महिना, पायांवर जाळी. मी पाय बघितले, थंडी म्हटलं, मॉइश्चरायझर लिहून दिलं. पाठ बघितली नाही. बाहेर वीस पेशंट बसले होते, आणि ती कुर्ता वर करायला संकोचत होती. आठ महिन्यांनी तिची आई एकटीच आली, मुलगी सोबत नव्हती. मुलीला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, उजवा हात अजून पेन धरत नव्हता. न्यूरॉलॉजिस्टनी पाठीवरची तुटक जाळी बघून विचारलं होतं, ‘हे आधी कुणाला दाखवलं होतं का?’ आई भांडायला आली नव्हती. माझा जुना कागद शोधायला आली होती, तपासणीची तारीख हवी होती म्हणून. तेव्हापासून माझ्या खोलीत पडदा आहे, नर्स आहे, आणि पायावर जाळी असेल तर पाठ बघितल्याशिवाय पेशंट बाहेर जात नाही.

जाळी आणि मेंदूतल्या रक्तपुरवठ्याचा बिघाड ही जोडी इंग्लंडमधल्या शेफील्डचे त्वचारोगतज्ज्ञ इयान स्नेडन यांनी १९६५ मध्ये सहा पेशंटांवरून मांडली. त्यांच्याच नावानं ती आज ओळखली जाते. पुढे १९८३ मध्ये लंडनच्या ग्रॅहॅम ह्यूज यांनी अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमचं चित्र स्पष्ट केलं. याला आपण एपीएस म्हणू. यात शरीर स्वतःच्याच काही प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवतं आणि त्यामुळे रक्तात नको तिथे, नको तेव्हा गुठळ्या होतात. पायाच्या नीलेत झाली तर पाय सुजतो, मेंदूत झाली तर झटका, कातडीच्या बारीक वाहिन्यांत झाली तर तुटक जाळी. आणि गरोदरपणात वारेचं काम बिघडलं तर गर्भ टिकत नाही.

म्हणून तुमचं ते वाक्य मी दोनदा वाचलं.

लगेच टोकाला जाऊ नका. गर्भपात पुष्कळ बायकांना होतो आणि त्यातल्या बहुतेकींच्या मागे एपीएस नसतो. सुरुवातीच्या आठवड्यांत झालेल्यांत तर बहुतेक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतो, त्यात कुणाचीच चूक नसते. पण उन्हाळ्यातही न जाणारी, पाठीपर्यंत पोचलेली जाळी आणि दोन गर्भपात एकाच बाईच्या कागदावर असतील, तर तपासलंच पाहिजे. तुमच्याकडून मला सगळ्यात आधी हवंय ते एवढंच: दोन्ही वेळी कितवा आठवडा होता? दहा आठवड्यांच्या आत की नंतर? सोनोग्राफीत ठोके आधी दिसले होते का आणि मग थांबले का? बाळाची वाढ नीट होती का? दहाव्या आठवड्यानंतर, वाढ नीट असताना, कारण न सापडता गेलेला एक गर्भसुद्धा एपीएसच्या निकषांत महत्त्वाचा धरतात. त्याआधीचे असतील तर २००६च्या निकषांप्रमाणे लागोपाठ तीन लागतात. पण निकष ही संशोधनातली चौकट झाली. समोर बसलेल्या बाईच्या अंगावर जाळी असताना मी तिसऱ्याची वाट बघणार नाही. २०२३ मध्ये अमेरिकन आणि युरोपियन संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून केलेल्या नव्या वर्गीकरणात तर रेसिमोजा जाळीला स्वतंत्र गुण दिलेले आहेत.

तपासण्या तीन, आणि तिन्ही एकदम करायच्या: ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-टू ग्लायकोप्रोटीन. शेवटच्या दोन्हींचे आयजीजी आणि आयजीएम असे दोन आकडे. पहिलीचं नाव विचित्र आहे, ल्युपस (शरीर स्वतःवरच उलटण्याचा एक आजार) नसलेल्यांतही ती येते. आणि काचेच्या नळीत रक्त गोठायला उशीर करते पण शरीरात गोठायला मदत करते. वैद्यकशास्त्रातल्या सगळ्यात दिशाभूल करणाऱ्या नावांत तिचा नंबर वरचा. तिचं सँपल नाजूक असतं. रक्तातल्या प्लेटलेट वेळेत वेगळ्या करून प्लाझ्मा नीट गोठवून ठेवावा लागतो. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर सकाळी घेतलेली बाटली संध्याकाळच्या गाडीनं शहरात गेली तर तो रिपोर्ट कशावर बेतलाय हे सांगता येत नाही. शक्य असेल तर जिथे तपासणी होते त्या लॅबमध्येच जाऊन रक्त द्या. रक्त पातळ करायचं कुठलंही इंजेक्शन किंवा गोळी चालू असेल तर आधी सांगा, आकडा बदलतो.

एकदा पॉझिटिव्ह आली म्हणून झालं, असं नाही. साध्या तापानंतर, डेंग्यूनंतर, कोविडनंतरही ही प्रतिपिंडं काही काळ वर येतात आणि निघून जातात. म्हणून बारा आठवड्यांनी पुन्हा करायची. हे बारा आठवडे पेशंटला फार जड जातात, मला माहीत आहे, पण ते टाळून निदान करता येत नाही. सोबत सीबीसी (प्लेटलेट थोड्या कमी असतात पुष्कळदा), क्रिएटिनीन, लघवीतलं प्रोटीन, एएनए (ल्युपससारख्या आजारांची चाचणी), हिपॅटायटिस बी आणि सी. आणि रक्तदाब, दोन्ही हातांचा. तो मोजायला लॅब लागत नाही, तरी तुमच्या दोन्ही कागदांवर तो नसणार याची मला जवळजवळ खात्री आहे.

गरोदरपणातले जुने रिपोर्ट शोधाल तेव्हा त्यात व्हीडीआरएल काय आली होती तेही बघा. ही चाचणी गुप्तरोगाची, सिफिलिसची. तिच्यात जे रसायन वापरतात ते कार्डिओलिपिनच, मूळ जनावरांच्या हृदयातून वेगळं केलेलं. एपीएसमधली प्रतिपिंडंही त्यालाच चिकटतात, त्यामुळे सिफिलिस नसताना व्हीडीआरएल पॉझिटिव्ह येऊ शकते. एक जोडपं माझ्याकडे आलं होतं, तिसऱ्या महिन्यात ही चाचणी पॉझिटिव्ह आलेली. घरात महिनाभर अबोला. नवरा खुर्चीत तिरका बसला होता, तिच्याकडे न बघता. टीपीएचए ही खात्रीची चाचणी केली, ती निगेटिव्ह. मग मी तिला पडद्याआड नेऊन पाठ बघितली. तुटक जाळी, दोन्ही कुल्ल्यांवर. बाहेर येऊन त्या माणसाला म्हटलं, ‘तुमच्या बायकोला गुप्तरोग नाही, रक्त गोठायचा आजार असू शकतो, आणि पोटातलं बाळ वाचवायला वेळ कमी आहे. सरळ बसा.’ बसला बिचारा.

पुष्कळजणी इथे विचारतात, निदान झालं तर मूल होईल का? होतं. कमी मात्रेचं ॲस्पिरिन आणि रोजचं हेपरिनचं (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन, पोटावरच्या कातडीत, बाळंतपणापर्यंत आणि नंतर काही आठवडे. नीट उपचार घेतलेल्या दहांपैकी सात-आठ जणी बाळ घेऊन घरी जातात. हे काम स्त्रीरोगतज्ज्ञ आणि संधिवाततज्ज्ञ मिळून करतात, त्यात माझा वाटा फक्त पहिल्या चिठ्ठीपुरता. वाचून स्वतःहून ॲस्पिरिन सुरू करू नका.

बायोप्सीबद्दल कुणी सुचवलं तर एक लक्षात ठेवा. तुकडा जांभळ्या रेघेतून घेतला की रिपोर्ट बहुतेक वेळा ‘विशेष काही नाही’ असा येतो, कारण तिथे फक्त फुगलेल्या नीला असतात. बिघडलेली रोहिणी घराच्या मधोमध, फिक्या भागाखाली खोल असते. तुकडा तिथला, चरबीच्या थरापर्यंत खोल हवा. एकाच्या ऐवजी दोन-तीन घेतले तरी तक्रार करू नका.

आता बाकीची कारणं. त्यांतली बरीचशी तुम्हाला लागू नाहीत, पण तुमचं बघून घरातले आपापले पाय दाखवायला लागतील, म्हणून ओझरती सांगते.

शेकाची जाळी मात्र ओझरती सांगून चालणार नाही, कारण आपल्याकडे ती घरोघरी आहे. भाजणार नाही पण चटका लागेल अशी ऊब रोज त्याच जागी महिनोन्‌महिने दिली की तिथे तपकिरी जाळी कायमची उमटते. ती दाबून जात नाही, ऊब दिल्यावरही जात नाही, कारण तो आता डागच असतो. बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी आणि ओव्याची धुरी हे जुनं कारण. हल्ली मांडीवरचा लॅपटॉप आणि कंबरेची इलेक्ट्रिक शेकपट्टी. काश्मिरात फेरनच्या, म्हणजे लांब सैल अंगरख्याच्या आत कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) धरतात, तिथे मांड्यांवर आणि पोटावर अशी जाळी पडते आणि वर्षानुवर्षांनी क्वचित तिथेच कातडीचा कॅन्सर होतो. कांगडी कॅन्सर या नावानं तो प्रसिद्ध आहे. म्हणून मघाशी पिशवी नको म्हटलं. माझ्याकडे एका आजींच्या बेंबीच्या वर अशी जाळी होती. सून डागासाठी मलम मागत होती. मी विचारलं, आजी, पोट कधीपासून शेकताय? म्हणाल्या, ‘दोन वरसं झाली, जेवल्यावर कळ येते गं.’ पित्ताशयात खडे निघाले. डाग तसाच राहिला, पण आजींनी शेकायचं सोडलं.

पार्किन्सनसाठी अमॅन्टाडिन घेणाऱ्यांच्या पायांवर ठसठशीत जांभळी जाळी आणि थोडी सूज येते. घरचे गँगरीन समजून धावत येतात. गँगरीन नसतं, औषध बदलायचं की ठेवायचं ते न्यूरॉलॉजिस्ट ठरवतो, घरी गोळी बंद करायची नाही. साठी ओलांडलेल्या माणसाची अँजिओग्राफी झाली आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत पायावर जाळी, बोटं निळी, पण घोट्याजवळची नाडी छान लागते, असं असेल तर रोहिणीतल्या चरबीचे कण सुटून खाली अडकलेले असू शकतात. त्याच दिवशी क्रिएटिनीन बघायचं, कारण हेच कण मूत्रपिंडातही जातात. डायलिसिसवरच्या माणसाला जाळीबरोबर असह्य दुखत असेल तर तीही तातडी. घोट्याभोवती दुखरे छोटे व्रण, भरल्यावर पांढरे तारेसारखे वण, हा आणखी निराळा आजार, आणि तो वर्षानुवर्षं ‘इसब’ म्हणून फिरत असतो. ज्यांचं काम दिवसभर उभं राहून आहे, म्हणजे कंडक्टर, आचारी, तुमच्यासारख्या शिक्षिका, त्यांच्या घोट्यावर जो तपकिरी ठिपक्यांचा पट्टा येतो तो फुगलेल्या शिरांमधून झिरपलेल्या रक्ताचा. तो जाळी नसतो, आणि तुमच्या वर्णनात तो नाही.

एक मात्र पाठ करून ठेवा, घरात तान्हं बाळ किंवा म्हातारं माणूस असेल तर. ताप आहे, अंग गरम आहे, पण हातपाय गार आणि गुडघ्यांभोवती जांभळी जाळी; बाळ दूध ओढत नाही किंवा आजोबा हाक मारल्यावर नीट बघत नाहीत. ही जाळी थंडीची नव्हे. संसर्ग रक्तात पसरून शरीर गुडघ्यापर्यंत रक्त पोचवू शकत नाहीये. आयसीयूमध्ये गुडघ्याची ही जाळी मोजतात. पॅरिसच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये तिच्यासाठी शून्य ते पाच अशी साधी मोजपट्टी दिली, आणि जाळी जितकी मांडीकडे चढते तितका धोका वाढतो. अशा वेळी गोधडी आणि पेला विसरायचं आणि रिक्षा बोलवायची.

तुमच्यासाठीही अशीच एक यादी आहे. एका हाताची अचानक शक्ती जाणं, तोंड वाकडं होणं, शब्द न सुचणं, एका डोळ्यापुढे पडदा येणं, मग ते पाच मिनिटांत बरं झालं तरी. एकच पाय सुजून पोटरी दुखणं. अचानक दम लागणं. यांतलं काही झालं तर त्वचारोगतज्ज्ञाची अपॉइंटमेंट घेऊ नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा आणि जाळीचं आणि गर्भपातांचं दोन्ही सांगा. अर्धशिशीचा त्रास असेल तर तोही सांगा, तुम्ही लिहिलेलं नाही.

तोवर काय टाळायचं? सिगारेट तुम्ही ओढत नसाल, पण मिशरी लावता का, हे मी प्रत्येक बाईला विचारते आणि निम्म्या वेळा उत्तर खाली बघून येतं. तंबाखू हिरडीतून गेली तरी रोहिणी तितकीच आखडते. पाळी नियमित करायच्या इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या तपासण्या होईपर्यंत नकोत. गौरी-गणपतीत किंवा घरच्या लग्नात पाळी पुढे ढकलायला मेडिकलवरून परस्पर आणतात त्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि ते बुरशीचं मलम बंद करा. ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. त्यात क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन असं काही लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. दोन महिने चोळलंत तर कातडी पातळ होऊन खालच्या शिरा आणखी दिसतील आणि तुम्हाला वाटेल आजार वाढला. ॲलर्जीच्या गोळ्यांनी झोप येण्यापलीकडे काही होणार नाही.

पुढच्या आठवड्यात जवळच्या मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात जा, किंवा संधिवाततज्ज्ञ गाठता आला तर थेट त्यांच्याकडे. नवऱ्याला सोबत न्या. गोधडीआधीचे आणि नंतरचे फोटो, दोन्ही गरोदरपणांची फाइल, सोनोग्राफीसकट. डॉक्टरांनी फक्त पाय बघून कागद पुढे ओढला तर ‘पाठीवर पण आहे, बघता का’ असं तुम्हीच म्हणा. पुढची गरोदर राहण्याची तयारी पहिले रिपोर्ट हातात येईपर्यंत थांबवा; दिवस आधीच गेले असतील तर मात्र बारा आठवडे थांबायचं नसतं, त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांना हे सगळं सांगायचं.

फोलिक ॲसिड चालू ठेवा.